जोखीम कोणी मोजायची?

युरोपीय संघाने २०२२ साली डिजिटल सेवा कायदा संमत केला. ज्या ऑनलाइन मंचाचे संघातील मासिक वापरकर्ते ४.५ कोटी वा अधिक आहेत, त्याने आपल्यामुळे समाजास संभवणाऱ्या धोक्यांचे दरवर्षी मूल्यमापन केले पाहिजे, असे बंधन त्यात आहे. मूलभूत हक्क, निवडणुका, बालकांचे हित, स्त्रियांवरील हिंसा असे विषय त्याच्या कक्षेत येतात. नियमभंगास जागतिक वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड आहे.

या कायद्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. आजवर अमुक मजकूर कोणी लिहिला, एवढेच विचारले जाई. आता काय पुढे आणायचे व काय मागे सारायचे हे ठरविणारी यंत्रणाच तपासणीखाली आली. कामगाराचा हात तुटला की त्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणाऱ्या मालकाला, यंत्रावर संरक्षक जाळी का नव्हती, असे विचारण्यासारखेच हे आहे. २०२४ साली टिकटॉकने फ्रान्स व स्पेनमध्ये एक योजना आणली. चित्रफिती पाहा, गुण मिळवा, गुणांच्या बदल्यात खरेदीची कूपने घ्या! पाहणे हीच मजुरी, आणि वयाची नीट खातरजमा नसल्याने मुलेही त्या वेठीला जुंपली जाण्याची धास्ती. योजनेपूर्वी धोक्याचे मूल्यमापन सादर केले नाही, या कारणास्तव युरोपीय आयोगाने एप्रिलमध्ये चौकशी आरंभली. ऑगस्टमध्ये कंपनीने ती योजना संघातून कायमची मागे घेण्याचे बंधनकारक आश्वासन दिले.

परंतु मूल्यमापन करावयाचे आहे ते कंपनीनेच. लेखापरीक्षक नेमते तीच आणि त्याचे शुल्क भरते तीच. पहिले अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोपनीय ठरविलेला भाग त्यांतून वगळण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. सावकाराने आपल्याच व्याजाचा जाच मोजून सांगावा, त्यातला हा प्रकार. फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड वाढतो, ही नोंद कंपनीच्याच संशोधनात होती. ज्ञान होते; ते तिजोरीत होते. म्हणूनच स्वतंत्र संशोधकांना माहिती मिळण्याची तरतूद हा या कायद्याचा कणा मानला पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये 'एक्स'ला १२ कोटी युरोंचा दंड झाला, त्याच्या कारणांत संशोधकांची अडवणूक हे एक होते.

भारतात याची निकड किती, हे १ जुलै २०१८ रोजी दिसले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकऱ्यांवर जमाव तुटून पडला. ५ जण ठार झाले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने, भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे उपाय यंत्रातच होता आणि कंपनीच्या हातातही होता. (खासगी संदेश युरोपच्या कायद्यातही या मूल्यमापनाबाहेरच राहिले आहेत.) २०२१ च्या भारतीय नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांकडे तक्रार-अधिकारी मागितला, संदेशसेवांकडे संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची व्यवस्था मागितली. समाजाला असलेल्या धोक्याचा हिशेब मात्र कोणाकडेच मागितला नाही. सरकारला नागरिकाचा माग हवा आहे, मालकाची झडती नको आहे.

समाजवाद्यांनी युरोपच्या कायद्याची नक्कल मागून भागणार नाही. मूल्यमापन संसदेस उत्तरदायी अशा स्वतंत्र मंडळाकडे असावे आणि त्याचा खर्च कंपन्यांवरील शुल्कातून भागवावा. युरोपात निदान देखरेखीचा खर्च अशा रीतीने वसूल होतोच. मंडळावर कामगार व स्त्री संघटनांबरोबर भटक्या-विमुक्तांचे प्रतिनिधी असावेत, आणि त्याचे अहवाल राईनपाड्याच्या ग्रामपंचायतीतही वाचता येतील अशा भाषेत निघावेत.