कपडा कामासाठी बेततात, बघ्यांसाठी नाही

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पोशाख शिवणं हा माझा धंदा. धानाची कापणी आटोपली की दिवाळीपासून होळीपर्यंत सिंदेवाहीतल्या माझ्या दुकानात मशीन थांबत नाही. एवढी वर्षं पात्रांना कपडे चढवल्यावर मोबाइलवरच्या खेळांबद्दल एक गोष्ट मला ठामपणे सांगावीशी वाटते. त्या खेळांतल्या बायांचे कपडे त्यांच्या कामासाठी बेतलेलेच नसतात, ते बघणाऱ्यासाठी बेतलेले असतात.

रंगमंचावर तलवार चालवणारी राणी असेल, तर मी आधी तिचा हात वर करायला लावते आणि मगच माप घेते. बगलेत कळी टाकली नाही, तर पहिल्याच वाराला शिवण उसवते. काष्टा घट्ट लागतो आणि छातीवरचं चिलखत पुरुषाच्या चिलखताइतकंच जाड लागतं. भाच्याच्या मोबाइलवर मात्र मी वेगळंच पाहिलं. ‘डायमंड’ हे खेळातलं चलन मोजून घेतलेला एकच पोशाख पुरुषाच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडी होता. तोच बाईच्या अंगावर आला तेव्हा पोट उघडं, मांड्या उघड्या, पायात उंच टाचा. बंदूक दोघांच्या हातात सारखीच. मी कारण विचारलं. तो सहज म्हणाला, ‘‘मावशे, ते पोट्टी हाये ना, मनून.’’

पोरगा वाईट नाही. पण रोज तासन्‌तास जे डोळ्यांपुढे असतं, तेच त्याला रीत वाटू लागतं. लढणारी असो की डॉक्टर, बाई आधी बघण्यासाठी असते, हे त्याला कुणी न शिकवता कळलं आहे. आमच्या गल्लीतल्या मुलीही हे खेळ खेळतात, पण मुलाच्या नावाने. माईक सुरू करून मुलीचा आवाज ऐकू गेला की पलीकडून घाण बोलणं सुरू होतं, असं त्या सांगतात. पडद्यावरच्या बाईकडे बघायची सवय खऱ्या मुलीपर्यंत पोचते ती अशी.

उघड्या अंगाला माझी हरकत नाही. रोवणीच्या चिखलात आमच्या बाया लुगडं गुडघ्यावर खोचतात, त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही, कारण ती कामाची गरज आहे. त्याच बाया तेंदूपत्ता तोडायला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. जंगलात काटे असतात आणि वाघही असतो. १० मे २०२५ रोजी आमच्याच सिंदेवाही तालुक्यात मेंढा मालच्या तीन बाया पानं तोडताना वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात जाणारी बाई काय जोखीम पत्करते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जंगलात लढणारी नायिका आखूड चड्डीत दाखवलेली पाहिली की मला त्यात तिच्या धाडसाचा अपमान दिसतो.

हे बदलता येतं. ‘टूम्ब रेडर’ या खेळातली लारा क्रॉफ्ट १९९६ मध्ये आली ती आखूड चड्डीत, फुगवलेल्या छातीची. २०१३ मध्ये निर्मात्यांनी तिला नव्याने घडवलं, पूर्ण पँट दिली, माणसासारखं शरीर दिलं. तो खेळ भरपूर खपला. आपल्या पुण्यातल्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी ही कसरतपटू मुलगी हातात त्रिशूळ घेऊन लढते. कॅमेरा तिच्या अंगावर घुटमळत नाही, दूर राहून तिची उडी आणि तिचा वार दाखवतो. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळालं होतं.

बंदीने हे सुटणार नाही. २०२० मध्ये पब्जी आणि २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाले ते देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. बाईच्या चित्रणाचा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही आणि पोरं दुसऱ्या खेळांकडे वळली. त्यापेक्षा आईबापांनी पोराशेजारी बसून तो खेळ बघावा. ही बाई या कपड्यांत धावेल कशी, गोळी चुकवेल कशी, असं त्यालाच विचारावं. डायमंडसाठी पैसे देताना कोणता पोशाख घेतोय तेही बघावं, कारण विकत घेणारे आहेत तोवर तसे पोशाख निघत राहतील.

हाच निकष आपल्या मंचालाही लावायला हवा. कथेशी संबंध नसलेला, केवळ शिट्ट्यांसाठी घुसडलेला नाच आमच्या झाडीपट्टीतही होतो आणि त्यासाठीचे कपडे शिवायला माझ्याकडे येतात, तेव्हा मी नाही म्हणते. चंद्रपूरच्या राणी हिराईने पतीच्या पश्चात राज्य चालवलं. तिच्यावर उद्या कुणी खेळ काढला, तर तिला राज्य करणाऱ्या बाईचा पोशाख मिळाला पाहिजे. आपल्या पोरांनी तिच्याकडे बघून तिच्यासारखं लढायला शिकावं, एवढीच मागणी आहे आणि ती खेळ बनवणाऱ्यांकडे, नाटक बसवणाऱ्यांकडे आणि आईबापांकडेही आहे.