तांबेरा फवारणीवर सोपवू नका


‘गव्हाचे प्रतिकारक वाण काही वर्षांत तांबेऱ्याला बळी पडतात, मग फवारणीच बरी’ हे आपल्या पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एकाच जनुकावर भिस्त ठेवली की तसे होते. राय धान्यातून गव्हात आलेले एसआर-३१ हे प्रतिकारक जनुक जगभर निर्धास्तपणे वापरले गेले. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या ‘यूजी-९९’ या काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीने ते भेदले. पण त्याच यूजी-९९ला रोखणारे एसआर-१३ आपल्या खपली गव्हात आहे, आणि खपलीतूनच ते ऑस्ट्रेलियात ‘खपस्टाइन’ या वाणात उतरले. म्हणूनच पैदासकार आता एका वाणात अनेक जनुके गुंफतात. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात वाणांची तांबेऱ्यापुढे परीक्षाच होते.

राहिली फवारणी. चाकण-खेड पट्ट्यात कंपनीतली पाळी सांभाळून दोन एकर गहू करणारे पुष्कळ आहेत. पानावर पुळ्या दिसेपर्यंत बीजाणू वाऱ्यावर पुढच्या शेतात गेलेले असतात. रविवारच्या सुट्टीपर्यंत बुरशी थांबत नाही. म्हणून पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६२२२ हा प्रतिकारक वाण पत्रलेखकांनी यंदा तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या लोक-१ या जुन्या वाणाच्या शेजारी पेरून पाहावा.

– एक शेतकरी वाचक, चाकण