एक्स-रेला न दिसलेली चूक



परवा भाचा कॉलेजच्या प्रोजेक्टचा अहवाल घेऊन आला. "मामा, हा आलेख छान आलाय. दुसरा बिघडलाय, तो गाळला तर चालेल ना?" उत्तर देण्याआधी मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि गॅसचा लायटर हातात दिला.

लायटर दाबला की आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दाब दिला की वीज! हा पिझोइलेक्ट्रिक परिणाम प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. उलटही घडतं. वीज दिली की पदार्थ किंचित आकसतो किंवा फुगतो.

आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही हेच चालतं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि मोबाइलच्या फिल्टरमधला ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. सिग्नल आला की तो सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरतो. थराच्या जाडीवर त्याची कंपनं ठरतात, त्यांच्याशी जुळणारे सिग्नल पुढे जातात, बाकीचे अडतात.

खरं तर हा पदार्थ दुबळा. १ न्यूटन जोर लावला तर सुमारे ५ पिकोकुलोंब विद्युतभार देतो. लायटरमधलं सिरॅमिक शेकडो देतं. पण त्या सिरॅमिकमध्ये शिसं असतं आणि ते भाजायला भरपूर उष्णता लागते. नायट्राइडचा थर ४०० अंश सेल्सिअसच्या आतही बसतो, त्यामुळे तयार चिपवरही चढवता येतो. अट एकच. त्याच्या सगळ्या कणांची तोंडं एकाच दिशेला हवीत. सिरॅमिकच्या कणांची दिशा नंतर वीज देऊन वळवता येते. शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये मात्र थर बसताना जी दिशा ठरली, ती कायमची.

हे मी फजिती होऊन शिकलो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला असा थर बनवायचा होता. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमवर आयनांचा मारा करायचा, उडालेले अणू नायट्रोजनशी जुळून सिलिकॉनच्या चकतीवर बसतात. कक्षातली हवा आणि ओल रात्रभर पंपाने ओढून घ्यायची, असा नियम होता. अहवालाची तारीख जवळ आली होती, म्हणून मी दोन तासांतच काम सुरू केलं.

थर आरशासारखा चकचकीत आला. एक्स-रेच्या आलेखात एकच उंच, टोकदार शिखर. म्हणजे सगळे कण सरळ उभे! घरी फोन करून सांगितलंसुद्धा. मग दाब देऊन विद्युतभार मोजला, तर जवळजवळ शून्य.

तो आकडा गाळून नुसता एक्स-रे जोडला असता तर पास झालो असतो. दोन दिवस तोच विचार डोक्यात होता. तिसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "चकतीचा एक तुकडा कॉस्टिक पोटॅशमध्ये बुडव."

काही भाग भराभर विरघळला, काही तसाच राहिला. कोडं सुटलं. कण सरळ उभे होते, पण काहींची तोंडं वर आणि काहींची खाली होती. खाली तोंड असलेले विरघळले होते. दोघांचा विद्युतभार एकमेकांना खोडून काढत होता. साध्या एक्स-रेला कण उभा आहे एवढंच कळतं, सुलटा की उलटा ते कळत नाही. कक्षात उरलेल्या ओलीतल्या ऑक्सिजनने कण उलटतात, हे सरांनी तेव्हा समजावलं. घाई माझीच होती.

दुसरा थर रात्रभर पंप चालवून केला. अहवाल तीन आठवडे उशिरा गेला, गुणही कापले गेले. पण त्या थराने भार दिला.

भाच्याने ऐकून घेतलं आणि दोन्ही आलेख समोर मांडून विचारलं, "मग हा बिघडला कशामुळे असेल?"

रात्री अकरापर्यंत आम्ही तेच शोधत बसलो होतो.