वाफसा पाहून पेरावे

मृगाचा पाऊस पडला म्हणून आमच्या अहमदपूर भागातला शेतकरी लगेच तिफण धरत नाही. आधी वाफसा पाहतो. घरात बियाणे मोजके असेल तर जे रान ओल धरते तिथे आधी पेरतो. मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या प्रचाराला निघालेल्या आम्हा चौघा मित्रांना हे शहाणपण उशिरा सुचले.

मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ संहिता कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशी प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराला चळवळीचे रूप दिले आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. हा विचार आपल्या गावात रुजावा म्हणून आम्ही पदरचे अठराशे रुपये घालून पत्रके छापली आणि आठवडी बाजारात भेटेल त्याच्या हाती दिली. मथळा होता, 'संगणकप्रणाली मोफत!' विचारायला एकही माणूस आला नाही.

का आला नाही? आपल्याकडे विकतची प्रणालीसुद्धा पुष्कळांना फुकटच मिळते. कुणीतरी नक्कल उतरवून देतो. अशा गावात 'मोफत' या शब्दाला किंमत ती काय? २००४ च्या डिसेंबरात फायरफॉक्सच्या चाहत्यांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दोन पानी जाहिरात दिली, हे खरे. पण त्यांच्यामागे हजारो वर्गणीदार होते. आम्ही चौघे! थोड्या पैशांत सर्वांना सांगू पाहणे म्हणजे कुणालाच न सांगणे.

माझ्या मते आधी तिघांकडे जावे. पहिला, जुना संगणक असणारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यापुढची आवृत्ती पुष्कळ जुन्या यंत्रांवर रीतसर चढत नाही. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या त्यांवर चालतात. कर्ज काढून घेतलेले यंत्र मोडीत जाणार नाही, हे त्या विद्यार्थ्याला पटवावे लागत नाही.

दुसरा, मराठी लिहिणारा, म्हणजे आपणच. एका दुकानात जुन्या फाँटमध्ये टंकलेला प्रबंध दुसऱ्या यंत्रावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो, हे कित्येक प्राध्यापकांनी अनुभवले असेल. युनिकोडमध्ये लिहिले की ही पीडा टळते. त्याला लिबरऑफिस आहे, मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा फाँट आहे, आणि मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठीतले पाठही आहेत. इथे आपला खर्च फक्त वेळेचा.

तिसरा, संगणक दुरुस्त करणारा. गावात यंत्र बिघडले की त्याचाच शब्द प्रमाण मानतात. मुक्त प्रणाली बसवून देण्याची मजुरी घ्यायला परवाना आड येत नाही, एवढे त्याला कळले तरी तो आपला शत्रू राहणार नाही.

जमाखर्चाची प्रणाली वापरणारे व्यापारी आणि वरून आदेश आल्याशिवाय न हलणारी कार्यालये तूर्त सोडून द्यावीत.

यावर माझा एक मित्र रागावून म्हणाला, "जे सर्वांचे आहे ते मोजक्यांना सांगायचे, ही कसली समता?" प्रश्न चोख आहे. पण परवाना सर्वांसाठी खुला आहेच. आम्ही निवडतो आहोत ती फक्त आमच्या पायपिटीची वाट. शिवाय ज्याला प्रणाली बसवून दिली, त्याची अडचण निवारायलाही आपणच जायला हवे. चौघांच्याने किती घरे होतील? पन्नास जणांना बसवून दिली आणि पुढे कुणी विचारपूस केली नाही, तर पन्नास निंदक तयार होतात. दहा जणांना नीट सांभाळले, तर तेच दहा जण पुढे सांगतात.

म्हणून यंदा आम्ही पत्रके छापणार नाही. दर शनिवारी दुपारी महाविद्यालयातच बसू. ज्याचा जुना संगणक धूळ खात पडला असेल, त्याने तो घेऊन यावे. वाफसा तिथेच आहे.