वाळू आपली, चुंबक परका

चीनने 4 एप्रिल 2025 रोजी टर्बियम, डिस्प्रोशियम यांसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही महिन्यांतच चाकण-आकुर्डी परिसरातील विजेवरील दुचाकींच्या उत्पादनाला तिची झळ बसली. त्यानंतर देशात नव्या खाणींची चर्चा जोरात सुरू झाली असली, तरी या बाबतीतली भारताची उणीव जमिनीत कमी आणि कारखान्यात अधिक आहे.

केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मणवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळूत मोनाझाइट हे खनिज मिळते. त्यात थोरियम असल्यामुळे ते अणुखनिज ठरले, सरकारी अखत्यारीतच राहिले, आणि सोबतच्या मूलद्रव्यांकडे दीर्घकाळ जोडउत्पादन म्हणूनच पाहिले गेले. दुर्मीळ मृदा गटातील ही सतरा मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मीळ नाहीत. मात्र त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात, की ती द्रावकांच्या साहाय्याने एकमेकांपासून वेगळी करताना तीच क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते, आणि त्यानंतरही ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू व अखेर चुंबक ही वाट उरतेच. या मधल्या वाटेवर आज चीनचा ताबा आहे. शिवाय भारतीय मोनाझाइटमध्ये निओडिमियम पुरेसे असले, तरी तापलेल्या मोटारीतही चुंबकाची शक्ती टिकवणारे डिस्प्रोशियम नगण्य आहे, त्यामुळे संपूर्ण स्वावलंबनाची घोषणा (ती कितीही आकर्षक असली तरी) रसायनशास्त्राला मान्य होणारी नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्षाला 6,000 टन चुंबकनिर्मितीची क्षमता उभारण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ही योग्य दिशा होय; प्रश्न उरतो तो किमतीचा. 2010 नंतरच्या भाववाढीच्या भरवशावर कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाण पुन्हा सुरू करणारी मॉलिकॉर्प कंपनी भाव कोसळताच 2015 मध्ये दिवाळखोरीत गेली. हा धडा घेऊनच अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै 2025 मध्ये त्याच खाणीच्या नव्या मालकांना निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोमागे 110 डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी हमीने दिली. भारतीय योजनेतील विक्रीशी निगडित प्रोत्साहन पाच वर्षांचे आहे आणि ते अशा हमीची जागा घेऊ शकत नाही, कारण चिनी परवाने सैल होऊन भाव उतरले, की आज देशी चुंबकाची मागणी करणारे वाहन उत्पादकच स्वस्त मालाकडे वळतील; तेव्हा दीर्घ मुदतीचे खरेदी करार कारखाने उभे राहण्याआधीच व्हायला हवेत.