विनोदाचा हिशेब : जॉन क्लीझ यांची कारकीर्द आणि कमाई

ब्रिटिश विनोदवीर एरिक आयडल यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये समाजमाध्यमावर केलेल्या एका विधानाने त्यांचे जगभरातील चाहते चकित झाले. आपण गडगंज श्रीमंत असल्याची लोकांची समजूत चुकीची आहे, वयाच्या ८० व्या वर्षीही आपल्याला चरितार्थासाठी काम करावे लागते आणि या वयात ते सोपे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आयडल हे 'मॉन्टी पायथन' या सहा जणांच्या गटाचे सदस्य. गटाच्या आर्थिक व्यवहारांचे व्यवस्थापन नीट झाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. गटातील दुसरे ज्येष्ठ सदस्य जॉन क्लीझ यांनी मात्र लगोलग व्यवस्थापनाची बाजू घेतली आणि जुन्या मित्रांमधील मतभेद चव्हाट्यावर आले.

दोघांपैकी खरे कोणाचे, हा त्यांच्या हिशेबवह्यांचा प्रश्न आहे. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ज्यांची प्रहसने जगभर पाहिली जातात, त्या कलावंतांच्या हाती त्यातून नेमके काय लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खुद्द क्लीझ यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

वकिली सोडून विनोदाकडे

क्लीझ यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९३९ रोजी इंग्लंडमधील वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील विमा कंपनीत नोकरीला. घराण्याचे मूळ आडनाव 'चीज' असे होते. पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल होताना थट्टा टाळण्यासाठी वडिलांनी ते बदलून 'क्लीझ' केले. मध्यमवर्गीय घरातील हुशार मुलाने जे करावे तेच या मुलाने केले. केंब्रिज विद्यापीठात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. तेथील 'फूटलाइट्स' या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाने मात्र त्याची वाट बदलली. मंडळाचा १९६३ चा प्रयोग लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर गाजला आणि पुढल्याच वर्षी ब्रॉडवेपर्यंत पोहोचला. वकिलीचा विचार मागे पडला आणि क्लीझ बीबीसीसाठी विनोदी लेखन करू लागले.

डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या 'द फ्रॉस्ट रिपोर्ट' (१९६६) या कार्यक्रमाने त्यांचा चेहरा घराघरांत नेला. त्यापाठोपाठ १९६७ मध्ये 'अॅट लास्ट द १९४८ शो' हा प्रहसनांचा कार्यक्रम आला. तोही लोकप्रिय झाला; पण त्या काळी चित्रफिती महाग असत आणि प्रक्षेपणानंतर त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. या कार्यक्रमाच्या बहुतांश फिती अशाच पुसल्या गेल्या. त्यातील काही भाग अनेक वर्षांनी इकडेतिकडे सापडले. जे जपलेच गेले नाही, त्यातून कलावंताला पुढे काही मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

करारातील एक कलम

'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ५ ऑक्टोबर १९६९ रोजी बीबीसीवर सुरू झाले. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीझ, टेरी गिलियम, एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पॅलिन या सहा जणांनी १९७४ पर्यंत एकूण ४५ भाग केले. चौथ्या आणि अखेरच्या मालिकेत क्लीझ सहभागी नव्हते. बीबीसीचे मानधन सरकारी चौकटीतले होते. त्यातून कोणी श्रीमंत होणार नव्हते.

या गटाच्या भवितव्याला खरी कलाटणी मिळाली ती न्यायालयात. १९७५ मध्ये अमेरिकेतील एबीसी वाहिनीने चौथ्या मालिकेतील तीन भाग एकत्र करून दाखवले. ९० मिनिटांच्या मूळ कार्यक्रमातील तब्बल २४ मिनिटे त्यासाठी कापली गेली. जाहिरातींना जागा हवी होती आणि काही मजकूर वाहिनीला आक्षेपार्ह वाटला होता. गटाने न्यायालयात धाव घेतली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य अपील न्यायालयाने गटाच्या बाजूने कौल दिला. संहितेचा स्वामित्वहक्क लेखकांकडे होता आणि बीबीसीशी झालेल्या करारात स्पष्टपणे न दिलेले सर्व हक्क लेखकांनी स्वतःकडे राखून ठेवले होते. म्हणून जे अधिकार बीबीसीलाच नव्हते, ते ती दुसऱ्या कोणाला देऊ शकत नव्हती, असा या निकालाचा गाभा होता.

करारातील त्या एका कलमाचे मोल पुढील काळात कळले. कालांतराने या कार्यक्रमाचे हक्क गटाच्या स्वतःच्या कंपनीकडे आले. व्हिडिओ कॅसेट आल्या, डीव्हीडी आल्या, २००८ मध्ये गटाने यूट्यूबवर स्वतःची वाहिनी सुरू केली, २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने जुने कार्यक्रम घेतले. माध्यम बदलले तरी मालक बदलला नाही. बीबीसीच्या स्टुडिओत तेव्हा काम करणाऱ्या असंख्य कलावंतांना हे भाग्य लाभले नाही.

कीर्ती एकीकडे, पैसा दुसरीकडे

क्लीझ यांची सर्वांत गौरवली गेलेली निर्मिती म्हणजे 'फॉल्टी टॉवर्स'. टॉर्की येथील एका हॉटेलात पायथन मंडळींना आलेल्या अनुभवावरून सुचलेली ही मालिका क्लीझ आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी कॉनी बूथ यांनी मिळून लिहिली. पाहुण्यांवर खेकसणारा, बायकोला टरकून असणारा हॉटेलमालक बेसिल फॉल्टी क्लीझ यांनी अजरामर केला. १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा असे अवघे १२ भाग निघाले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० मध्ये केलेल्या निवडीत सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रवाणी कार्यक्रमांत ही मालिका पहिली आली.

परंतु एकेक भाग लिहिण्यासाठी आठवडेच्या आठवडे खर्ची घातल्यानंतर त्या मालिकेतून हाती फारसे पडत नसे, जाहिरातींच्या उत्पन्नामुळेच हे लेखन परवडले, असे क्लीझ यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. कलावंताची सर्वोत्तम कृती आणि त्याची सर्वाधिक कमाई यांचा मेळ बसतोच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

मग पैसा आला कोठून? त्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. १९७२ मध्ये क्लीझ यांनी अँटनी जे आणि अन्य सहकाऱ्यांसमवेत 'व्हिडिओ आर्ट्स' ही कंपनी काढली. हे जे म्हणजे पुढे 'येस मिनिस्टर'चे सहलेखक म्हणून गाजलेले गृहस्थ. त्याच मालिकेवर बेतलेली, फारुख शेख यांची 'जी मंत्रीजी' ही हिंदी मालिका २००१ मध्ये भारतीय प्रेक्षकांनी पाहिली होती. कंपन्यांतील कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणपट तयार करणे हा 'व्हिडिओ आर्ट्स'चा व्यवसाय होता. बैठक कशी घेऊ नये, ग्राहकाशी कसे वागू नये हे क्लीझ आधी स्वतः चुकून दाखवत आणि मग योग्य पद्धत समजावली जाई. समीक्षकांनी या चित्रफितींची फारशी दखल घेतली नाही. पण एकदा तयार केलेली चित्रफीत शेकडो कंपन्यांना पुनःपुन्हा विकता येत होती आणि त्या कंपनीत क्लीझ पगारी नट नव्हते, भागीदार होते. १९८९ मध्ये कंपनी विकली गेली तेव्हा तिला कोट्यवधी पौंडांची किंमत आली.

त्याच सुमारास 'अ फिश कॉल्ड वांडा' (१९८८) या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सहा कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पटकथेसाठी क्लीझ यांना ऑस्कर नामांकन मिळाले आणि अभिनयासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर कीर्ती आणि संपत्ती प्रथमच एकत्र नांदत होत्या. पुढे बॉंडपट, 'हॅरी पॉटर'चे पहिले दोन चित्रपट, 'श्रेक'मधील राजाचा आवाज अशी कामे येत राहिली. ती चांगल्या मोबदल्याची होती. पण मालकी दुसऱ्याची होती.

घटस्फोटाचे आकडे

आयुष्यभराच्या या मिळकतीला मोठे खिंडार पडले ते २००९ मध्ये. तिसऱ्या विवाहानंतरच्या घटस्फोटाची तडजोड सुमारे १ कोटी २० लाख पौंडांवर झाल्याचे वृत्त तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी दिले होते. मालमत्तेतील वाटा आणि त्याशिवाय सात वर्षांची वार्षिक पोटगी असे तिचे स्वरूप होते. क्लीझ तेव्हा सत्तरीचे होते. त्यांनी २०११ मध्ये ब्रिटनमध्ये एकपात्री प्रयोगांचा दौरा काढला आणि त्याला चक्क 'पोटगी दौरा' असे नाव दिले. लोक पोट धरून हसले. पण तिकीटविक्रीमागची निकड विनोदी नव्हती.

दुसरा धक्का गटाला एकत्रितपणे बसला. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या १९७५ च्या चित्रपटावर आधारित 'स्पॅमलॉट' ही संगीतिका २००५ मध्ये ब्रॉडवेवर आली आणि सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळवून गेली. मूळ चित्रपटाचे निर्माते मार्क फोरस्टेटर यांनी तिच्या उत्पन्नातील आपल्या वाट्यासाठी दावा लावला आणि २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. थकीत रक्कम आणि खटल्याचा खर्च भागवण्याची वेळ आली तेव्हा हयात असलेले पाचही जण २०१४ च्या जुलैत लंडनच्या ओटू सभागृहात एकत्र आले. पहिल्या प्रयोगाची तिकिटे ४३.५ सेकंदांत संपली आणि एका प्रयोगाचे दहा झाले. १९७६ मध्ये ज्या कराराच्या कलमाने गटाला तारले होते, तसल्याच एका जुन्या कराराने या वेळी त्याच्या खिशाला हात घातला होता.

'निव्वळ संपत्ती'चा भ्रम

इंटरनेटवर कोणत्याही कलावंताचे नाव टाकले की त्याच्या 'निव्वळ संपत्ती'चा आकडा समोर येतो. क्लीझ यांच्याबाबतही असे आकडे फिरत असतात. ब्रिटनमध्ये कंपन्यांना आपले ताळेबंद जाहीर करावे लागतात. व्यक्तीची प्राप्तिकर विवरणपत्रे मात्र गोपनीय असतात. त्यामुळे घर, कर्ज, कर, पोटगी, वकिलांची फी यांची वजावट करून नेमके काय उरते, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. एकदा कोणीतरी मांडलेला अंदाज दुसरा उचलतो आणि पाहता पाहता त्याला वस्तुस्थितीची प्रतिष्ठा मिळते. आयडल यांच्या विधानाने लोक चकित झाले, त्याचे कारण हेच होते.

शिवाय हक्कांचे उत्पन्न कायम एकसारखे राहत नाही. डीव्हीडी प्रत्येक घराने विकत घेतली की प्रत्येक वेळी स्वामित्वधन मिळत असे. आता संपूर्ण संग्रह एखाद्या वाहिनीला ठरावीक रकमेस ठरावीक काळासाठी दिला जातो. मिळेल ती रक्कम सहा वाट्यांत विभागायची. चॅपमन १९८९ मध्ये आणि जोन्स २०२० मध्ये निवर्तले. तरी त्यांच्या पश्चात हक्कांचा प्रश्न उरतोच. नवे साहित्य निर्माण होत नसताना जुन्या ठेव्यावर किती काळ निर्वाह करायचा, याला मर्यादा असते. म्हणूनच क्लीझ यांनी ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंच सोडला नाही. मे २०२४ मध्ये 'फॉल्टी टॉवर्स' नाट्यरूपाने लंडनच्या अपोलो रंगमंदिरात आले, ते त्यांच्याच लेखणीतून.

आपल्याकडचा धडा

हा सारा हिशेब मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. मराठी रंगभूमीवर नटाला आजही प्रयोगागणिक 'नाइट' मिळते. प्रयोग थांबला की मिळकत थांबते. भारतात २०१२ च्या स्वामित्वहक्क कायदा दुरुस्तीने चित्रपटात वापरल्या गेलेल्या साहित्याच्या आणि संगीताच्या निर्मात्यांना, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापरांसाठी, स्वामित्वधनाचा हक्क दिला. तो हक्क करार करून सोडूनही देता येत नाही. लेखक आणि गीतकारांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. तरीही विनोदी कार्यक्रमांतील प्रहसने लिहिणारी तरुण मंडळी वाहिनीच्या करारावर सही करताना शेवटचे पान वाचतात काय, हा प्रश्न उरतोच.

क्लीझ यांची कारकीर्द सांगते ती गोष्ट साधी आहे. टाळ्या आणि मानधन हे त्या रात्रीचे असते. मालकी मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. ती कधी एखाद्या कलमाने राखली जाते, कधी घरगुती कलहात वाटली जाते, तर कधी न्यायालयात गमावली जाते. प्रेक्षक मोजतो तो हशा. कलावंताला मात्र हशा विरल्यानंतरचाही हिशेब ठेवावा लागतो आणि तो ज्याने वेळीच ठेवला नाही, त्याला उतारवयात पुन्हा तोंडाला रंग लावून उभे राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.