अज्ञानाची मुदत आणि खरेदीदारांची ओरड

शेतजमिनीच्या कब्जाच्या दाव्यांत अज्ञान वारसास मुदतीची जी सवलत मिळते, तिच्यापायी खरेदीदाराच्या जिवाला कायमचा घोर लागतो, आणि पालक हयात असता अज्ञानास निराळे संरक्षण हवेच कशाला, असा आक्षेप वारंवार ऐकू येतो. आक्षेप वरकरणी सयुक्तिक. परंतु तो घेणाऱ्यांनी १९६३ चा मुदतीचा कायदा उघडून पाहिला असेल, असे दिसत नाही.

मालकीहक्कावरून कब्जा मागण्याची मुदत प्रतिवादीचा कब्जा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षे; त्या वेळी वादी अज्ञान असेल, तर सज्ञान झाल्यावर फार तर ३ वर्षे, एवढेच कलम ८ चे औदार्य. चार वर्षांचा असता ज्याची जमीन गेली, त्याची मूळ मुदत सोळाव्या वर्षी सरते, म्हणून त्यास एकविसाव्यापर्यंत दाद मागता येते; दहा वर्षांचा असता गेली, तर मूळ मुदतच बाविसाव्यापर्यंत पुरते आणि सवलतीचा त्यास काडीचाही उपयोग नाही. बापाच्या हयातीत कब्जा गेला आणि मागाहून बाप वारला, तर कलम ९ प्रमाणे एकदा धावू लागलेली मुदत वारसाच्या अज्ञानपणासाठी थांबत नाही. एवढ्या कंजूष तरतुदीचा घोर कसला?

राहिला पालकाचा मुद्दा. दावा पालकाने लावावा, हे म्हणणे पालक व कब्जेदार भिन्न आहेत असे गृहीत धरून चालते. भाऊबंदकीत नेमके तेच नसते. विधवा भावजयीचे पोर लहान, नांगर चुलत्याचा, पीकपाहणीला नाव चुलत्याचे, आणि पोराला मिसरूड फुटेपर्यंत ‘आमची वहिवाट’ चावडीवर रुळलेली. (सहहिस्सेदाराचा कब्जा सहजी प्रतिकूल ठरत नाही, हे खरे; पण त्या पोराला ते सांगणार कोण?)

आणि खरेदीदार? सातबाऱ्यावर ‘अ. पा. क. आई’ असे वाचून जो खरेदीखत करतो, त्यास अज्ञानाची वार्ता नव्हती असे कसे म्हणावे? अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत नैसर्गिक पालकासही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. तो परवानगीचा कागद न मागता ज्याने भाव तेवढा पाडून घेतला, त्याने मुलगा सज्ञान होऊन ३ वर्षे लोटेपर्यंतचा धोका राजीखुशीने पत्करलेला असतो. विकणारा चुलता असेल, तर तो नैसर्गिक पालकच नव्हे. ते खत मुळातच निरर्थक, आणि तेथे हिशेब १२ वर्षांचा. तेव्हा मुदत आखडण्याची भाषा सोडून, परवानगीची नक्कल पाहिल्यावाचून असा फेरफार प्रमाणित होऊ नये, ही मागणी खरेदीदारांनीच लावून धरावी.